शांघायमधली एक फाइल : गोळीबाराच्या ऑनलाइन खेळांतल्या फसवणुकीचा इतिहास

(गारगोटी येथे दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)



आजचा विषय फलकावर लागला तेव्हा एका ज्येष्ठ श्रोत्यांनी आम्हाला वाटेत थांबवून विचारलं, "अहो, पोरांचे मोबाइलवरचे खेळ हा इतिहासाचा विषय कधीपासून झाला?" प्रश्न रास्त आहे. गारगोटीत इतिहास म्हटलं की भुदरगड येतो, १९४२ च्या डिसेंबरात कचेरीवर झालेला हल्ला येतो, मौनी विद्यापीठ येतं. त्यांच्या पंक्तीला आम्ही हा विषय बसवत नाही. पण या खेळांना आता पंचवीस वर्षं होऊन गेली. पगारी खेळाडू आले, संघांचे मालक आले, चौकशी समित्या आल्या, त्यांची निकालपत्रं आली. कागद तयार झाला की आमच्यासारख्यांचं काम सुरू होतं.

आणि खरं सांगायचं तर आमचं कारण याहून जवळचं आहे. काही वर्षांपूर्वी गणेशोत्सवात एका मंडळानं मोबाइलवरच्या गोळीबाराच्या खेळाची स्पर्धा ठेवली होती. चौघाचौघांचे संघ, थोडी प्रवेश फी, बक्षीस काही हजारांचं. आम्हाला पाहुणे म्हणून बोलावलं होतं, नारळ घेऊन टाळ्या वाजवायला. शेवटच्या डावात एका वाडीवरचं पोरगं एकटं उरलं आणि एकट्यानं समोरचा आख्खा संघ उडवला. झालं, हरलेल्यांनी ओरडा सुरू केला, "हॅक लावलाय! भिंतीपलीकडचं दिसतंय याला!" कार्यकर्त्यांनी त्या पोराच्या हातातला फोन काढून घेतला आणि 'सर, तुम्ही शिकलेले, तुम्ही बघा' म्हणून आमच्याकडे दिला. तडा गेलेली काच, मागे जोतिबाचा फोटो. त्यात आम्ही काय बघणार? आम्ही तो फोन इकडून तिकडून फिरवला आणि परत दिला. बक्षीस 'चौकशी होईपर्यंत' मंडळाकडेच राहिलं. चौकशी कोण करणार होतं, हे कुणी विचारलं नाही. आम्हीही नाही. ते पोरगं पुढच्या वर्षी खेळायला आलं नाही.

तेव्हापासून आम्ही या विषयाचे कागद गोळा करायला लागलो.

सुरुवात आपल्या देशातल्या सगळ्यात गाजलेल्या प्रकरणापासून करू. १९ ऑक्टोबर २०१८. ठिकाण चीनमधलं शांघाय. 'एक्स्ट्रीम्सलँड' नावाची आशियाई स्पर्धा, खेळ 'काउंटर-स्ट्राइक : ग्लोबल ऑफेन्सिव्ह'. पाच विरुद्ध पाच, एक बाजू बॉम्ब लावणार, दुसरी अडवणार. आपल्याकडून 'ऑप्टिक इंडिया' हा संघ उतरला होता. ऑप्टिक ही अमेरिकेतली नावाजलेली संस्था, तिनं त्याच वर्षी भारतात संघ उभा केला होता. आपल्याकडच्या पोरांना असा परदेशी मालक मिळणं ही तेव्हा केवढी मोठी गोष्ट होती! समोर व्हिएतनामचा 'रिव्होल्यूशन' संघ. सामना चालू असताना तो थांबवला गेला आणि स्पर्धेचे अधिकारी निखिल कुमावत या खेळाडूच्या खुर्चीशी आले. खेळातलं त्याचं नाव 'फोर्सेकन'. त्याच्या संगणकावर काहीतरी चालू होतं. अधिकारी ते तपासायला गेले तेव्हा त्यानं मध्ये हात घालून फाइल बंद करण्याची, पुसण्याची धडपड केली. हे सगळं कॅमेऱ्यात आहे. आणि त्या फाइलचं नाव काय? 'वर्ड डॉट ईएक्सई'. अर्ज-विनंत्या टाइप करायचा जो प्रोग्रॅम आपल्या प्रत्येक कचेरीत असतो, त्याचं नाव. चोरानं कारकुनाचा सदरा घालून कचेरीत शिरावं तसं.

तो प्रोग्रॅम करत काय होता, तर बंदुकीचा नेम शत्रूच्या डोक्याकडे ओढत होता. माउस जवळपास नेला की उरलेलं काम प्रोग्रॅमचं.

संघ तिथल्या तिथे बाद झाला. मालकांनी संघच मोडला. पाठोपाठ 'ईएसएल इंडिया'नं आपल्या आधीच्या स्पर्धेतली त्याची डिस्क तपासली, तर तिथेही तेच निघालं. खेळातल्या सचोटीवर देखरेख ठेवणाऱ्या 'ईसिक' या संस्थेनं त्याला पाच वर्षांची बंदी घातली. ही संस्था २०१६ मध्ये स्थापन झाली. तिचे तेव्हाचे प्रमुख इयान स्मिथ हे पेशानं वकील, आधी क्रिकेटपटूंच्या संघटनेत काम केलेले. म्हणजे क्रिकेटनं सट्टेबाजीतून जे चटके खाल्ले, त्याचा अनुभव या नव्या खेळात आला तो असा.

आता थोडं थांबू. शिक्षा झाली एकट्याला, पण नोकरी गेली पाचही जणांची. आणि पुढची कित्येक वर्षं भारतीय खेळाडू परदेशी सर्व्हरवर दिसला की 'वर्ड डॉट ईएक्सई चालू कर की' अशी टिंगल सुरू व्हायची. ज्या पोरांचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही, त्यांनीही ती ऐकली. या प्रकरणाची ही बाजू निकालपत्रात नसते.

प्रश्न असा पडतो, की अशी फसवणूक मुळात जमते कशी? थोडी तांत्रिक बाजू सांगतो, कारण ती कळल्याशिवाय पुढचा इतिहास उलगडत नाही. समजा आपण पत्ते खेळतोय. वाटणाऱ्यानं तुमचे पत्ते तुम्हाला दिले, आणि समोरच्याचेही पत्ते एका बंद पाकिटात घालून तुमच्याच खिशात ठेवले, आणि वर सांगितलं, "पाकीट उघडायचं नाही हं." ऑनलाइन खेळात नेमकं हेच होतं. मधला मोठा संगणक, म्हणजे सर्व्हर, प्रत्येकाच्या यंत्राला शत्रू कुठे आहेत हे आधीच कळवतो. कारण शत्रू कोपऱ्यावरून वळल्यावर मग कळवायला गेलं, तर नेटवर्कमधल्या विलंबामुळे तो अचानक हवेतून उगवल्यासारखा दिसेल. म्हणून भिंतीपलीकडचा माणूस तुमच्या यंत्राला ठाऊक असतो, फक्त पडद्यावर दाखवलेला नसतो. 'वॉलहॅक' म्हणजे ते पाकीट उघडणं. 'एमबॉट' म्हणजे ती माहिती वापरून नेमही यंत्रानंच धरणं. दोन्ही गोष्टी खेळाडूच्या स्वतःच्या यंत्रात घडतात. पंच बसलेला असतो शेकडो मैल लांब. पुढचा सगळा इतिहास म्हणजे त्या पंचाला खेळाडूच्या घरात किती आत येऊ द्यायचं, याचा इतिहास आहे.

'काउंटर-स्ट्राइक' सुरू झाला १९९९ मध्ये. मिन्ह ले आणि जेस क्लिफ या दोघांनी 'हाफ-लाइफ' या दुसऱ्या खेळावर हौसेनं चढवलेलं हे बांधकाम. पुढच्या वर्षी 'व्हॉल्व्ह' कंपनीनं ते बाजारात आणलं. फसवणूक जवळपास सोबतच आली. २००० साली टोनी रे या खेळाडूनं वैतागून 'पंकबस्टर' हा पकडणारा प्रोग्रॅम लिहिला, आणि २००२ मध्ये व्हॉल्व्हनं स्वतःची 'व्हॅक' ही यंत्रणा आणली. तेव्हा आपल्याकडे सायबर कॅफे होते, तासाला काही रुपये. आमच्यातल्या एकानं कोल्हापुरात शिकताना तिथे बऱ्याच दुपारी घालवल्यात, नाव सांगत नाही. कॅफेत फसवणूक अवघड होती, कारण मागे उभा असलेला मित्रच पंच असायचा. पडद्यावर काही वेगळं दिसलं की पाठीत धपाटा बसायचा.

पैसा आला तसं चित्र बदललं. नोव्हेंबर २०१४ मध्ये स्वीडनमधली 'ड्रीमहॅक विंटर' ही मोठी स्पर्धा अवघ्या आठवड्यावर आली असताना व्हॅकनं एकामागून एक व्यावसायिक खेळाडू पकडले. जर्मनीचा सायमन बेक, फ्रान्सचे गॉर्डन जिरी आणि होविक तोव्हमासियान. यातला तोव्हमासियान, म्हणजे 'केक्यूएलवाय', हा 'टायटन' या पहिल्या फळीतल्या संघाचा. त्यानं वापर केल्याचं कबूल केलं, थोड्याच दिवसांसाठी, म्हणाला. टायटन स्पर्धेतून बाहेर. २०१६ च्या जानेवारीत ती संस्थाच बंद झाली. तोपर्यंत सगळ्यांची समजूत होती की फसवतात ती घरी बसलेली हौशी पोरं. ज्याला खेळायचा पगार मिळतो त्याला गरज काय? २०१४ नं दाखवलं की गरज त्यालाच जास्त. हौशी पोरगं हरलं तर जेवायला घरी जातं. पगारी खेळाडू चार सामने हरला तर त्याच्या जागेवर सतरा वर्षांचा नवा पोरगा बसलेला असतो.

त्याच वर्षातलं दुसरं प्रकरण मात्र वेगळ्या जातीचं, आणि ते समजायला कोल्हापूरकरांना पुस्तक लागत नाही. नुरा कुस्ती! ऑगस्ट २०१४ मध्ये अमेरिकेतला 'आयबायपॉवर' हा तगडा संघ एका दुबळ्या संघाकडून विचित्र पद्धतीनं हरला. सुऱ्या घेऊन पळतायत, हसतायत, असा सामना. या खेळात बंदुकांवर चढवायचे रंगीत 'स्किन' असतात, त्यांची खरेदी-विक्री होते, आणि त्याच स्किनवर सट्टा लावायच्या साइट होत्या. आपल्याच पराभवावर दुसऱ्यांच्या नावानं पैज लावून हजारो डॉलरचे स्किन वाटून घेतले गेले होते. रिचर्ड लुइस या पत्रकारानं ते उघड केलं, आणि जानेवारी २०१५ मध्ये व्हॉल्व्हनं सात जणांना आपल्या स्पर्धांतून बाहेर काढलं. इथे कुठला प्रोग्रॅम नव्हता, फाइल नव्हती. यंत्र तपासून काही सापडलं नसतं. खासबागेत बसलेला जाणता प्रेक्षक जसा दोन पकडींत ओळखतो की 'ही ठरवून लागलीय', तसंच ते डोळ्यांनीच ओळखावं लागलं. शिक्षेबद्दल मात्र आमचं मत थोडं वेगळं आहे. ती पोरं विशीच्या आसपासची होती. पाच वर्षांची बंदी आणि जन्माची बंदी यांत फरक राहायला हवा होता. ईएसएलनं पुढे २०१७ मध्ये आपल्यापुरती बंदी उठवली, व्हॉल्व्हनं नाही.

इतिहासाच्या दृष्टीनं आम्हाला सगळ्यात मोलाचं वाटतं ते २०२० चं प्रशिक्षकांचं प्रकरण. खेळात एक दोष राहून गेला होता. संघाचा प्रशिक्षक खेळाडूंच्या डोळ्यांनीच बघू शकतो असा नियम, पण त्या दोषामुळे काही वेळा त्याचा कॅमेरा मैदानात एका जागी अडकून राहायचा आणि तिथली शत्रूची हालचाल त्याला दिसायची. खेळाडूंच्या यंत्रावर काहीही नाही. अडकलं तर सांगायचं, सामना थांबवायचा, हे प्रामाणिकपणाचं काम. बऱ्याच जणांनी तोंड मिटून बघत राहणं पसंत केलं. मिहाउ स्लोविन्स्की या पोलिश अधिकाऱ्यानं हे शोधलं. कसं? जुन्या सामन्यांचे 'डेमो' तपासून. डेमो म्हणजे सामन्याची पूर्ण नोंद, कोण कुठे होतं, कुठे बघत होतं, सगळं त्यात असतं आणि पुन्हा चालवून बघता येतं. ईसिकनं मागच्या कित्येक वर्षांचे डेमो उघडले आणि सप्टेंबर २०२० मध्ये तब्बल ३७ प्रशिक्षकांना शिक्षा सुनावल्या, काही महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत. गुन्हा घडला तेव्हा कुणालाच कळला नव्हता. दप्तर शिल्लक होतं म्हणून सापडला. मोडी रुमाल सोडणाऱ्या माणसाला याचा आनंद कळेल.

आता दुसरी बाजू, ज्यासाठी आम्ही आज इथे उभे आहोत. पकडलेला प्रत्येक जण दोषी असतो का?

फिनलंडच्या एका खेळाडूचं उदाहरण बघा. एलियास ओल्कोनेन, खेळातलं नाव 'जॅम्पी'. त्याच्या नावे कधीतरी लहानपणी काढलेल्या एका खात्यावर व्हॅकची बंदी होती. तो म्हणाला, ते खातं मी मित्राला देऊन टाकलं होतं, फसवणूक त्यानं केली. व्हॉल्व्हचा नियम सरळ: खातं ज्याचं, बंदी त्याची. मोठ्या स्पर्धांची दारं बंद. तो कोर्टात गेला, यश आलं नाही. शेवटी २०२१ मध्ये व्हॉल्व्हनं नियमच बदलला, की व्यावसायिक होण्याआधीच्या बंदीला पाच वर्षं उलटली असतील तर ती आड येणार नाही. चौदाव्या वर्षी केलेला किंवा न केलेला उपद्व्याप जन्मभर चिकटू नये, एवढं शहाणपण यायला बराच वेळ गेला.

आणि मार्च २०२४ मध्ये तर आक्रितच घडलं. 'एपेक्स लेजंड्स' या खेळाची उत्तर अमेरिकेतली अंतिम फेरी, जगभर थेट प्रक्षेपण. मध्येच एका नामांकित खेळाडूच्या पडद्यावर भिंतीपलीकडचे सगळे दिसायला लागले. तोच ओरडला, की मला हॅक मिळतोय! थोड्या वेळानं दुसऱ्याची बंदूक आपोआप नेम धरायला लागली. बाहेरच्या कुणीतरी त्यांच्या यंत्रांत शिरून हे केलं होतं. आयोजकांना स्पर्धा पुढे ढकलावी लागली. विचार करा, हेच जर प्रक्षेपण नसताना, एखाद्या मंडपात, नाव नसलेल्या पोराच्या बाबतीत घडलं असतं तर?

'माझ्यात दुसऱ्यानं घातलं' हा बचाव आपल्याला नवा नाही. तीनदा महाराष्ट्र केसरी झालेल्या नरसिंग यादवनं २०१६ मध्ये हेच सांगितलं होतं, की उत्तेजक औषध माझ्या खाण्यात कुणीतरी मिसळलं. देशातल्या संस्थेनं ते मानलं, आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादानं मानलं नाही आणि चार वर्षांची बंदी घातली, तीही रिओत सामना तोंडावर आलेला असताना. खरं काय याचा निवाडा आम्ही करणार नाही. दाखवायचं एवढंच की कुस्तीत निदान नमुना दोन बाटल्यांत भरतात, सही घेतात, प्रयोगशाळा ठरलेली असते, अपील करायला जागा असते.

आणखी जवळ येऊ. खरी नेमबाजी तर आपल्या जिल्ह्याची. तेजस्विनी सावंत, राही सरनोबत, आणि आपल्या शेजारच्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्निल कुसाळे, ज्यानं १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्य जिंकलं. या नेमबाजांचं जाकीट आधी तपासलं जातं, कापडाची जाडी आणि ताठरपणा यंत्रावर मोजतात, कारण जाकीट फार ताठ असेल तर तेच शरीराला आधार देतं. बूट तपासतात, बंदूक तपासतात. तपासणी सगळ्यांची होते. म्हणून तिथे तपासणीला कुणी अपमान समजत नाही. गणपतीच्या त्या मंडपात आमचं चुकलं ते इथे. आम्ही एकाच पोराचा फोन घेतला, तोही जिंकल्यावर.

पडद्यावरच्या नेमबाजीत ही तपासणी फार वादाची झाली. २०२० मध्ये 'व्हॅलोरंट' खेळ आला तेव्हा 'रायट' कंपनीनं 'व्हॅनगार्ड' नावाचा पहारेकरी सोबत दिला. हा संगणक सुरू होताक्षणी सुरू होतो आणि यंत्राच्या अगदी गाभ्यात बसतो. खेळ नंतर उघडा, पहारा आधीपासून. लोक भडकले, आमच्या घरात तुमचं काय काम म्हणून. आम्हालाही ते पटत नाही, पण शांघायची फाइल आठवली की पटवून घ्यावं लागतं. आणि फसवणारेही थांबले नाहीत. आता दुसऱ्याच एका संगणकावर माहिती ओढून घेणारी कार्डं आली आहेत, म्हणजे खेळाच्या यंत्रावर शोधायला काही उरतच नाही.

आपल्याकडे मात्र संगणक मागे पडला. २०१६ नंतर इंटरनेट स्वस्त झालं, २०१८ मध्ये पबजी मोबाइल आलं, आणि वाडीवस्तीवर हा खेळ पोहोचला. सप्टेंबर २०२० मध्ये त्यावर बंदी, जुलै २०२१ मध्ये बीजीएमआय नावानं नवा अवतार, २०२२ मध्ये पुन्हा बंद, २०२३ मध्ये पुन्हा सुरू. मोबाइलवरची फसवणूक म्हणजे बदललेली ॲप फाइल, किंवा पडदा रुंद करून जास्त मैदान बघणं, ज्याला पोरं 'आयपॅड व्ह्यू' म्हणतात, किंवा दोन संघांनी आतून हातमिळवणी करणं. 'क्राफ्टन' कंपनीनं २०२१ च्या अखेरीपासून फोनवरही बंदी घालायला सुरुवात केली. डिसेंबर २०२२ मध्ये सरकारनं ई-स्पोर्ट्स क्रीडा खात्याच्या कक्षेत आणला, २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्यानं तो पैशांच्या पैजेच्या खेळांपासून वेगळा काढला. दिल्लीत व्याख्या ठरल्या, हे चांगलंच झालं. गल्लीतल्या स्पर्धेत पंच कोण, हे अजून ठरायचंय.

व्याख्यानानंतर एका तरुण श्रोत्यानं विचारलं, "सर, मग तो फोन तुम्ही कसा तपासायला पाहिजे होता?" उत्तर इथे जोडतो. फोन बघून फारसं काही कळलं नसतं, हे आता आम्हाला ठाऊक आहे. पण खेळण्याआधी सगळ्यांच्याच फोनवरचा खेळ काढून अधिकृत ठिकाणाहून पुन्हा टाकायला लावता आला असता. प्रत्येकाला पडदा रेकॉर्ड करायला सांगता आलं असतं. मोठ्या ऑनलाइन स्पर्धांत खेळणाऱ्याचा हात दिसेल असा दुसरा कॅमेरा लावायला सांगतात, मंडपात तर त्यासाठी एक खुर्ची आणि एक कार्यकर्ता पुरला असता. तक्रार करणाऱ्यानं नेमका कुठला क्षण संशयाचा, हे लिहून द्यायचं, आणि ते रेकॉर्डिंग दोन्ही संघांसमोर लावायचं.

हे ऐकून मागच्या रांगेतून एक जण म्हणाला, "त्या दिवशीचं रेकॉर्डिंग होतं की. त्या पोरानंच केलं होतं. दाखवतो म्हणत होता." आम्ही त्याला थांबवून पुन्हा विचारलं. हो म्हणाला. "तुमच्या हातात फोन होता तेव्हाच सांगत होता, सर. डॉल्बी चालू होता."